देश बदलल्यावर बॅडमिंटनपटूचं करिअर संपतं का?

संपतंच असं नाही. मिया ऑडिनाचं उदाहरण घ्या. जन्म जकार्ताचा. १९९४ मध्ये जकार्तातच उबेर कपची, म्हणजे महिलांच्या सांघिक जागतिक स्पर्धेची, फायनल झाली, इंडोनेशिया आणि चीन २-२ बरोबरीत होते आणि निर्णायक सामना खेळायला कोर्टवर उतरली ही १४ वर्षांची पोरगी. समोर चीनची झांग निंग. मियाने सामना काढला आणि कप इंडोनेशियाला मिळाला. त्या वयात आपण काय करत होतो, हे न आठवलेलंच बरं!

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फायनलला कोरियाच्या बांग सू ह्युनकडून हरली, रौप्य मिळालं. पुढे डच माणसाशी लग्न करून ती नेदरलँड्सला गेली आणि त्या देशाकडून खेळू लागली.

खरी गंमत २००४ ला अथेन्समध्ये झाली. ऑलिंपिक फायनलला पुन्हा मिया आणि पुन्हा झांग निंग. पहिला गेम मियाने ११-८ असा घेतला, पण पुढचे दोन झांगने ११-६, ११-७ असे जिंकून दहा वर्षांपूर्वीचं उट्टं काढलं. मियाला परत रौप्यच. तरी दोन वेगवेगळ्या देशांसाठी एकेरीत ऑलिंपिक रौप्य, हे काही खायचं काम नाही.

नियमाचं म्हणाल तर, एका देशाकडून खेळून झाल्यावर दुसऱ्या देशाकडून ऑलिंपिक खेळायला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. संबंधित संघटना राजी असतील तर ही मुदत कमी होऊ शकते. पण फॉर्मात असलेल्या खेळाडूला तीन वर्षं म्हणजे फार झाली.