आठवीच्या मुलांना 180 प्रश्नांचा पेपर खरंच गरजेचा आहे का?

तुमची मुलगी एनएमएमएसला, म्हणजे आठवीच्या मुलांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या स्कॉलरशिप परीक्षेला बसतेय आणि एवढा लांबलचक पेपर कशाला, असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर गरज नाही. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आठवीच्या मुलांची याच परीक्षेची तयारी करून घेतो, त्यामुळे रोज बघतो तेच सांगतो.

बुद्धिमत्तेचे 90 प्रश्न 90 मिनिटांत, मग विज्ञान, समाजशास्त्र, गणिताचे अजून 90 तेवढ्याच वेळात. म्हणजे 180 मिनिटांत 180 प्रश्न. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पेपर पण आता एवढाच असतो, आणि तिथे बसणारी मुलं बारावीची असतात हो! त्यात आपल्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी मीडियम, तर मिनिटाला एक प्रश्न म्हटल्यावर प्रश्न वाचून समजेपर्यंतच अर्धं मिनिट गेलेलं असतं.

सराव पेपर तपासताना मी मार्कांच्या आधी कच्चं काम बघतो. सुरवातीला संख्यामालिकेच्या खाली बारीक अक्षरात फरक काढलेले असतात, आकृत्यांवर पेन्सिलीचे बाण असतात, आणि शेवटच्या पानांवर काहीच नाही, उत्तरांचे गोल रंगवायच्या ओएमआर शीटवर बी, बी, बी, बी अशी सरळ रांग. तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी दिले की तीच मुलं सोडवतात. मग आपण मोजलं काय, हुशारी की बसायची ताकद? वर्षाला 12,000 रुपये, ते पण नववी ते बारावी, ही रक्कम साडेतीन लाखांच्या आत कमाई असलेल्या घराला लहान नाही, ती अशा थकव्यामुळे हुकली की मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न जास्त असले की नशिबाचा भाग कमी होतो हे मान्य, पाच-दहा प्रश्नांवर स्कॉलरशिप देऊ नये. पण म्हणून 180? अमेरिकेतली एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा डिजिटल झाली तेव्हा 154 प्रश्नांवरून 98 वर आणली, वेळ तीन तासांवरून सव्वादोन तासांच्या आसपास, आणि ती सुद्धा कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी.

सध्या तुमच्या हातात आहे ते करा. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही गोल रिकामा सोडायचा नाही. आणि सरावाला कधीकधी दुसरा भाग आधी द्या, म्हणजे दरवेळी विज्ञान-गणित दमलेल्या डोक्याने होणार नाही आणि तिला खरं काय येतं ते तुम्हाला कळेल.