काळं फुलपाखरू गोंदवू का?

प्रश्न : आईला जाऊन वर्ष होत आलं. तिच्या आठवणीसाठी मनगटावर फुलपाखराचा टॅटू काढायचाय. सासूबाई म्हणतात, काळा नको, अशुभ. मैत्रिणीने पाठवलेल्या तक्त्यात निळा म्हणजे नशीब, पिवळा म्हणजे आनंद असं आहे. कोणता रंग घेऊ?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, माझ्याकडे टॅटू काढायला येणारी गिऱ्हाईकं असे तक्ते मला सारखे दाखवतात. एकात पिवळा आनंदाचा, तर दुसऱ्यात आशेचा. त्यावरून रंग ठरवू नका.

फुलपाखरू आणि गेलेलं माणूस यांचं नातं मात्र जुनं आहे. ग्रीक-रोमन शिल्पांत आत्म्याच्या देवतेला, सायकीला, फुलपाखराचे पंख दाखवत. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाच्या सुमारास, नारिंगी मोनार्क फुलपाखरं डोंगरांत उतरतात. परतून आलेले पूर्वजच ते, असं तिथे मानतात. त्यांच्याच कुळातलं काळ्या किनारीचं नारिंगी फुलपाखरू आपल्या माळावर रुईभोवती फिरताना तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या अळ्या रुईची पानं खाऊन वाढतात.

आता काळ्याचं. सासूबाईंचं मन मोडू नका, पण त्यांना एवढं विचारा : संक्रांतीला आपण काळी साडी हौसेने नेसतोच ना? आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्राही त्याच शुभ दिवसांत. जुन्या बायकांच्या हातावरचं गोंदणही काळपट हिरवंच. मला काळा आवडतो तो टिकतो म्हणून. पिवळा, पांढरा, फिका गुलाबी हे रंग सावळ्या कातडीवर मुळातच कमी उठतात आणि मनगटावर, सोलापूरच्या उन्हात, लवकर विटतात. लाल शाईची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त होते. त्वचा नाजूक असेल तर लाल नकोच.

मी तुमच्या जागी असते तर रेघा काळ्या आणि आत नारिंगी घेतला असता. निळाच हवा असेल तर आपलं राज्य फुलपाखरू बघा, २०१५ साली जाहीर झालेलं ब्लू मॉर्मन : काळ्या पंखांवर निळे ठिपके. पण आई नेहमी मोरपंखी नेसत असेल, तर बेलाशक मोरपंखी भरा. तो अर्थ कुठल्या तक्त्यात सापडणार नाही.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. वापरलेल्या सुईतून कावीळ, एचआयव्ही पसरू शकतो. आणि रक्तदान करत असाल तर आधी करून या, टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत.