प्रश्नोत्तरे: तांब्याची तार, ॲल्युमिनियमची तार आणि मधला जोड

प्रश्न: खांबावरून मीटरपर्यंत ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर आहे, पेटीत तांब्याची. विहिरीवर ५ एचपीची मोटर. दोन तारा जिथे जोडल्यात तो जोड दर तीन-चार महिन्यांनी काळा पडतो, टेप वितळते. गेल्या उन्हाळ्यात मोटरही जळाली. वायरमन म्हणतात, ॲल्युमिनियमच खराब, सगळी तांब्याची टाका. खरं आहे का? — एक शेतकरी, सांगोला तालुका

उत्तर: तार बदलण्याआधी जोड बदला. तुमच्या घरापर्यंत वीज मैलोनमैल ॲल्युमिनियमवरूनच येते, तिथे ती जळत नाही. जळते ती हाताने पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या जागी.

कापलेलं ॲल्युमिनियम हवेत आलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. भांडी, खिडक्या गंजत नाहीत ते या थरामुळे. पण हाच थर विजेला अडवतो. तांब्यावरही थर बसतो, तो इतका चिवट नसतो आणि स्क्रू दाबला की फुटतो. दुसरी गोष्ट, ॲल्युमिनियम मऊ आहे. स्क्रूखाली दाबलेली तार महिन्याभरात हळूहळू पसरते आणि घट्ट बसवलेला स्क्रू आपोआप सैल होतो. त्यात मोटर चालू-बंद झाली की जोड तापतो, निवतो. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्याच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं, म्हणजे दर खेपेला जोड थोडा हलतोच. वर पावसाचं पाणी किंवा दव पडलं की दोन धातू मिळून बॅटरीसारखे वागतात आणि त्यात झिजतं ते नेहमी ॲल्युमिनियम. जोड उघडल्यावर दिसणारी पांढरी भुकटी ती हीच.

आता हिशेब बघा. खराब जोडाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, पाव ओहम धरा. मोटर १० अँपिअर घेत असेल तर तिथे २५ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे छोटी सोल्डरिंग आयर्न टेपमध्ये गुंडाळून ठेवल्यासारखं. मोटर सुरू होताना ५० अँपिअर ओढते; त्या क्षणी ६२५ वॅट. टेप वितळणार नाही तर काय होणार?

मोटर जळण्याचं कारणही बहुधा इथेच आहे. तीनपैकी एका फेजचा जोड तुटला की मोटर दोन फेजवर गुरगुरत राहते आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारं साधन) नीट लावलेला नसेल तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जातं. मोटर भरून आणण्याचा खर्च होतो, जोड मात्र तसाच राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

जोड असा करून घ्या. मीटरच्या अलीकडचं, म्हणजे खांबाकडचं, काम आणि सील महावितरणचं आहे, तिथे हात घालू नका. त्यांच्या माणसाकडून पुरवठा बंद करून घ्या. मीटरच्या पलीकडे, म्हणजे तुमच्या बाजूला, मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि तिन्ही फेज टेस्टरने तपासा. काळी पडलेली तार चकचकीत धातू लागेपर्यंत मागे कापा. जळलेली तार घासून पुन्हा वापरू नका, ती ठिसूळ झालेली असते. थिंबलची (तारेच्या टोकावर चढवून दाबायच्या धातूच्या तुकड्याची) नळी जितकी लांब तितकंच, फार तर दोन मिलिमीटर जास्त, इन्सुलेशन सोला. ब्लेड तारेला लागू देऊ नका. ॲल्युमिनियमच्या तारेला एक खाच पडली तरी चार वेळा वाकवल्यावर ती तिथेच तुटते.

मग कनेक्टर पेस्ट (ऑक्साइडचा थर पुन्हा बसू न देणारी) लावा आणि पेस्टमधूनच तारेच्या ब्रशने घासा. आधी घासून नंतर पेस्ट शोधायला गेलात तर तेवढ्यात थर पुन्हा बसतो. हा ब्रश तांब्याला वापरू नका. तार बायमेटल थिंबलमध्ये शेवटपर्यंत घाला. या थिंबलची नळी ॲल्युमिनियमची आणि बोल्टकडचं पान तांब्याचं असतं. दोन्ही कारखान्यातच एकजीव केलेले असतात. १० चौरस मिलिमीटरच्या तारेला १० चंच थिंबल. १६ चं घेऊन आत तारेचे तुकडे कोंबणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे. तो करू नका. क्रिंपिंग टूलने (थिंबल तारेवर आवळणाऱ्या हत्याराने) त्या मापाच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, दोन ठिकाणी दाबा. पक्कड किंवा हातोडीने चपटं केलेलं थिंबल वरून घट्ट दिसतं, आत तारा सुट्या राहतात. ओढून पाहा, सरकता कामा नये. बोल्टला सपाट वॉशर आणि त्यावर स्प्रिंग वॉशर लावा. शेवटी हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवा.

महिन्याभराने पुरवठा बंद करून बोल्ट एकदा तपासा, नंतर दर पावसाळ्याआधी. तपासायचं म्हणजे दर खेपेला सगळा जोर लावून पिळायचं नव्हे. जास्त दाबलं की ॲल्युमिनियम आणखी पसरतं.

जोड उघड्यावर असेल तर ॲल्युमिनियम वर आणि तांबं खाली राहील असं बघा. तांब्यावरून ओघळलेल्या पाण्यात तांब्याचे क्षार असतात आणि ते खालच्या ॲल्युमिनियमला खातात. उलट्या क्रमाने तेवढा त्रास होत नाही.

प्रश्न: मीटरपासून विहीर ३०० मीटर. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची केबल परवडत नाही. ॲल्युमिनियमची ४ चीच घेतली तर? — वरच्यासारखंच पत्र, जत

उत्तर: तीच साइज घेऊ नका. सोपा नियम असा की तांब्याच्या एक साइज वर ॲल्युमिनियम घ्यायचं. तांब्याच्या १.५ ला ॲल्युमिनियमची २.५, तांब्याच्या २.५ ला ४, ४ ला ६ आणि ६ ला १०. या जोड्यांचा प्रमाणित रोध अगदी सारखाच ठरवलेला आहे: तांबं ४ आणि ॲल्युमिनियम ६, दोघांचा किलोमीटरला ४.६१ ओहम. ॲल्युमिनियम ४ चा मात्र ७.४१.

५ एचपी मोटर ८ अँपिअर घेते असं धरलं तर ३०० मीटरवर ॲल्युमिनियम ४ मध्ये सुमारे २६ व्होल्ट वाया जातात, ६ मध्ये १६ आणि १० मध्ये ११. सुरू होताना ही घट तिपटीच्या वर जाते. रात्रीच्या पाळीत लाइनलाच व्होल्टेज कमी असेल तर ४ वर मोटर नुसती गुणगुणेल, उचलणार नाही. ६ चालेल, माझ्या मते १० घ्या.

वजनाचंही बघा. ३०० मीटर, तीन कोअर, तांबं ४: नुसता धातू ३२ किलो. ॲल्युमिनियम ६: साडेचौदा किलो. तेवढाच रोध, निम्म्याहून कमी वजन. शिवाय केबलचोरांचा डोळा तांब्यावर असतो हे शिवारात कुणाला सांगायला नको.

पण बोअरमधल्या सबमर्सिबलला तांब्याचीच चपटी केबल ठेवा. पाण्याखालचा जोड आणि मोटर वर-खाली काढताना होणारी वाकवावाकव ॲल्युमिनियमला सोसत नाही.

प्रश्न: तांब्याची म्हणून १.५ ची ९० मीटरची गुंडाळी बरीच स्वस्त मिळाली. आत तांबडंच दिसतं. फसलो का? — एक वाचक, भोसरी

उत्तर: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार असू शकते. चुंबक लावून काही कळणार नाही, दोन्ही धातू चुंबकाला चिकटत नाहीत.

एक मीटर तार सोलून नुसता धातू सोनाराच्या काट्यावर ठेवा. तांबं असेल तर १२-१३ ग्रॅम भरेल, मुलाम्याची असेल तर ५ च्या आसपास. किंवा एक बारीक धागा ब्लेडने खरवडा. खाली पांढरं दिसलं की उत्तर मिळालं. तोच धागा मेणबत्तीवर धरला तर तांबं लाल होऊन काळं पडतं पण शाबूत राहतं (तांबं १०८५ अंशांवर वितळतं), ॲल्युमिनियमचा धागा ६६० अंशांवरच लुळा पडून तुटतो. प्लास्टिकसकट जाळू नका, धूर वाईट असतो.

मल्टिमीटर असेल तर अख्ख्या गुंडाळीचा रोध १.२ ओहमच्या जवळ यायला हवा. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर चांगली तारही खोटी ठरेल. १.८ च्या पुढे आकडा आला तर गुंडाळी परत करा. ॲल्युमिनियम म्हणून विकली, मोठ्या साइजची वापरली आणि तशा थिंबलने जोडली तर तक्रार नाही. तांबं म्हणून विकलेल्या तारेवर गिझर लागतो, तिथे घात होतो.

प्रश्न: मोटर भरताना तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरली तर स्वस्त पडते. भरावी का? — बारामती

उत्तर: नाही. मोटरमध्ये तार बसते त्या खाचेतली जागा ठरलेली असते. त्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार भरली तर रोध १.६ पट होतो आणि जाड भरायला जागा नसते. कारखान्यातच ॲल्युमिनियमसाठी मोठ्या खाचांची बनवलेली मोटर वेगळी. ती चांगली चालते.

प्रश्न: तांब्याच्या पातेल्याला कल्हई लागते, जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) भांड्याला का नाही? आणि आमचा ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा का पडतो? — एक गृहिणी, दादर

उत्तर: ताक, चिंच, कोकम, लिंबू तांब्यात ठेवलं की आंबटामुळे तांबं पदार्थात उतरतं. ‘ताक कळकलं’ म्हणतो ते हेच. मळमळ, उलटी होते. म्हणून मध्ये कथलाचा थर. पातेलं घासून तापवायचं, नवसागराची पूड टाकायची म्हणजे धुरासोबत ऑक्साइड निघून जातो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाने सगळीकडे पसरायचं. कथील २३२ अंशांवर वितळतं. त्यामुळे कल्हईचं पातेलं रिकामं गॅसवर विसरलात तर आत चांदीसारखे ओघळ दिसतात आणि मध्ये तांबडे चट्टे उघडे पडतात. चट्टे दिसले की स्वयंपाक थांबवा, पुन्हा कल्हई करून घ्या. नुसतं साधं पाणी ठेवायला कल्हई लागत नाही.

ॲल्युमिनियमचा ऑक्साइड नवसागराने तसा निघत नाही आणि निघाला तरी लगेच परत येतो, त्यामुळे ही कल्हई त्यावर धरत नाही. त्याचा स्वतःचा थरच त्याचं रक्षण करतो. पण आंबट आणि खारं दोन्ही त्या थराला सोसत नाही. आमटीत चिंच घालायची तर उकळल्यावर स्टीलच्या भांड्यात काढा; रात्रभर ॲल्युमिनियममध्ये राहू देऊ नका.

कुकर काळा पडतो तो बहुधा जड, क्षारयुक्त पाण्याने. कुकरच्या तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटूक टाका, डाग पडत नाही. आधीच पडला असेल तर तेच पाणी दहा मिनिटं उकळा. धुण्याचा सोडा मात्र चुकूनही नको: त्यात ॲल्युमिनियम विरघळतं, बुडबुडे येताना दिसतात ते हायड्रोजनचे.

प्रश्न: मालवणला घर समुद्रापासून दोनशे पावलांवर. एसी कॉपर कॉइलचा घ्यावा असं दुकानदार म्हणतो. — एक वाचक

उत्तर: घ्या, पण कारण समजून. ‘कॉपर कॉइल’ म्हणजे नळी तांब्याची. तिच्यावरच्या पातळ पट्ट्या बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्याच असतात. खाऱ्या हवेत पुन्हा तेच दोन धातू, तीच बॅटरी, आणि काही वर्षांत पट्ट्या पांढऱ्या होऊन बोटाने चुरतात. फायदा दुरुस्तीत आहे: तांब्याची नळी फुटली तर गावातला मेकॅनिक ब्रेझिंग करून (तापवून दुसऱ्या धातूने सांधून) देतो, ॲल्युमिनियमची सहसा अख्खी कॉइल बदलावी लागते. पट्ट्यांवर संरक्षक लेप असलेलं मॉडेल मागा, बाहेरचं युनिट समुद्राच्या तोंडावर न लावता घराच्या आडोशाला लावा आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून कॉइल गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा.