कोच के यांना एकच गोष्ट विचारायची आहे: त्या 19 मॅचेस कुणाच्या?

प्रश्न असा आहे: "ड्यूकचे निवृत्त कोच माइक शशेव्स्की स्वतःही कॉलेजकडून बास्केटबॉल खेळले होते. चाहता म्हणून त्यांना प्रश्न विचारायची संधी मिळाली तर काय विचाराल?"

मी 2015 ते 2017 अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एमएस करत होतो, त्यामुळे उत्तर तटस्थ असेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांचं आडनाव इंग्रजीत वाचताना भल्याभल्यांची बोबडी वळते, म्हणून त्याच्या K या पहिल्या अक्षरावरून सगळे त्यांना ‘कोच के’च म्हणतात. आपलं बरं, देवनागरीत एकदा लिहिलं की संपलं.

आधी काय विचारणार नाही ते सांगतो. 1992 मध्ये केंटकीविरुद्ध 2.1 सेकंद उरले असताना ड्यूकच्या ग्रँट हिलने अख्खं कोर्ट ओलांडून फेकलेला पास आणि त्यावर लेटनरने मारलेली ती विजयी बास्केट. यावर ते तीस वर्षं बोलत आलेत, आता बिचाऱ्यांना सोडा. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं, हेही नाही. आणि 2022 ची शेवटची घरची मॅच तर नाहीच. शेजारच्या, कट्टर प्रतिस्पर्धी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून, म्हणजे कॅरोलायनाकडून, 94-81 हरल्यावर त्यांनी स्वतः माइक हातात घेऊन प्रेक्षकांची माफी मागितली होती. महिनाभरात त्याच कॅरोलायनाने फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, 81-77 हरवून त्यांची कारकीर्द संपवली. तिथे मीठ चोळायला मी कशाला जाऊ?

पहिला प्रश्न खेळाडू शशेव्स्कींना. शिकागोत शाळेत असताना हा माणूस कॅथलिक लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण करायचा. मग वेस्ट पॉइंटला, म्हणजे लष्कराच्या कॉलेजात गेला. तिथे कोच होते बॉबी नाइट. त्यांनी याला सांगून टाकलं की शॉट मारणं तुझं काम नाही. बॉल पुढे न्यायचा, पास द्यायचा, डिफेन्स करायचा. शेवटच्या वर्षी, 1968-69 मध्ये, तो कॅप्टनही झाला.

हे वाचलं तेव्हा मला नागपूरचं आमचं कॉलेजचं सिमेंटचं कोर्ट आठवलं. मीही त्यांच्यासारखाच गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा खेळाडू, होतो. आमचे सर एकदा सरावात शिट्टी वाजवून म्हणाले, "तू टाकू नको रे बाबा, तू फक्त दे." त्यानंतर रिंगसमोर मोकळा असलो तरी हात आखडायचा. पुढच्या मोसमात पोरांबरोबर गंमत म्हणून खेळतानासुद्धा मी पासच द्यायचो, इतकं ते अंगात भिनलं होतं. म्हणून कोच के यांना विचारेन: सर, मोकळे असूनही शॉट न मारलेल्या रात्री तुम्हाला झोप लागायची का? आणि पुढे तुमच्या हाताखाली शाळेत तीस-तीस गुण मारणारी मुलं आली, त्यांच्यातल्या कुणाला तुम्ही हेच सांगितलं तेव्हा स्वतःचा चेहरा आठवला का?

आता खरा प्रश्न.

1994 मध्ये ड्यूक राष्ट्रीय फायनलला पोहोचून आर्कान्सासकडून हरलं. ग्रँट हिल एनबीएत गेला. त्या शरद ऋतूत कोच के यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि ते फार लवकर कामावर परतले. बसवेना, झोपवेना, तरी रोज सराव. अखेर जानेवारी 1995 मध्ये बायकोने हट्टाने डॉक्टरांकडे पाठवलं आणि ते उरलेल्या मोसमासाठी रजेवर गेले. तोवर टीम 9 जिंकून 3 हरली होती. पुढच्या 19 मॅचेस सहायक कोच पीट गॉडेट यांनी सांभाळल्या: 4 विजय, 15 पराभव. या 19 मॅचेस गॉडेट यांच्या नावावर लागल्या. शशेव्स्कींच्या खात्यात त्या मोसमाचे 9-3 एवढेच आहेत.

गॉडेट कोण? तर 1980 मध्ये शशेव्स्की ड्यूकला आले तेव्हा त्यांची वेस्ट पॉइंटच्या कोचची खुर्ची ज्यांनी घेतली ते. नंतर ड्यूकला येऊन त्यांच्या हाताखाली सहायक झाले. त्या काळी खर्च कमी करायला एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेने, एक नियम केला होता, प्रत्येक टीममधल्या एका सहायकाला वर्षाला जास्तीत जास्त 16,000 डॉलर. ड्यूकमध्ये तो सहायक म्हणजे गॉडेट. देशातल्या नामवंत टीमचा मुख्य कोच म्हणून उभा असलेला माणूस, पगार हा! पुढे असे प्रशिक्षक कोर्टात गेले, 1998 मध्ये अपिलातही तो नियम बेकायदा ठरला आणि 1999 मध्ये जवळपास साडेपाच कोटी डॉलरवर तडजोड झाली. पण तोवर गॉडेट ड्यूकमधून केव्हाच बाहेर पडले होते.

आता 2017 बघा. जानेवारीत पुन्हा पाठ, पुन्हा ऑपरेशन, जवळपास महिनाभर रजा. या वेळी जागा सांभाळली सहायक कोच जेफ केपलने. हा तोच केपल, ज्याने 1995 च्या त्या वाईट मोसमात ड्यूकचा खेळाडू म्हणून कॅरोलायनाविरुद्ध पहिला जादा वेळ संपता संपता कोर्टाच्या मधूनच बॉल भिरकावून बरोबरी साधली होती. ती मॅचही शेवटी 102-100 अशी गेलीच म्हणा. केपलच्या हाताखाली ड्यूकने 4 जिंकल्या, 3 हरल्या, आणि या सातही मॅचेस शशेव्स्कींच्या खात्यात धरल्या गेल्या.

त्यातली एनसी स्टेट या शेजारच्याच विद्यापीठाविरुद्धची मॅच बघायला मी कॅमेरॉनमध्ये, म्हणजे ड्यूकच्या घरच्या स्टेडियममध्ये, होतो. तिकिटासाठी सप्टेंबरात पार्किंगमध्ये दोन रात्री काढलेल्या. पहाटे तीनला भोंगा वाजला की भडंगाचा डबा तसाच टाकून हजेरीला पळायचं, कारण हजेरी चुकली की नाव कापलं जायची धास्ती. विद्यार्थ्यांच्या बाकांवर कुणी बसत नाही, पूर्ण मॅच उभ्यानेच. 84-82 हरलो. शेजारचा पोरगा निळा रंग फासलेल्या हातांनी फोन बघत म्हणाला, स्टेट इथे शेवटचं कधी जिंकलं होतं माहितीये? 1995. मला त्या क्षणी गॉडेट आठवले. आजचा पराभव कोच के यांच्या नावावर, तेव्हाचा गॉडेट यांच्या.

कोणत्या मॅचेस कुणाच्या नावावर लावायच्या हे कोच ठरवत नाही, त्यामुळे त्यांनी पराभव झटकले असा आरोप मी करणार नाही. 1995 मध्ये तर त्यांनी राजीनामाही देऊ केला होता, विद्यापीठाने तो घेतला नाही. पण निवृत्त झालेल्या माणसाला विचारायला काय हरकत आहे? सर, तुमचा हिशेब 1,202 विजय आणि 368 पराभव. त्या 19 मॅचेस घेतल्या तर 1,206 आणि 383. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमधला तुमचा विजयांचा विक्रम तसाही चार पावलं पुढेच जातो. घ्याल का?

माझा त्या वेळचा रूममेट म्हणतो, हे विचारलंस तर कोच तुला हाकलून देतील. तो पुढे चॅपल हिलला, म्हणजे कॅरोलायनालाच, पीएचडीला गेला आणि आता त्यांचा फिक्का निळा टी-शर्ट घालून फिरतो, त्याला तेच हवंय.