एका सहीचे सेहेचाळीस हजार!

वाचकांचे प्रश्न, फ्रेमवाल्या काकांची उत्तरं

(या महिन्यात तीन पत्रं सह्यांबद्दलच आली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : काका, माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. तिकडच्या एका प्रदर्शनात रांग लावून त्याने बेसबॉलच्या एका निवृत्त खेळाडूची चेंडूवर सही घेतली. सहीचे चारशे डॉलर, खाली एक ओळ लिहून घेतली त्याचे शंभर वेगळे, आणि सही खरी असल्याच्या कागदाचे वीस. ह्यांनी रुपयांत हिशेब मांडला, सेहेचाळीस हजारांच्या घरात गेला. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद आहे. हे म्हणतात, पोरगा फसला. मुलगा म्हणतो, काही वर्षांपूर्वी हीच सही निम्म्या पैशांत मिळायची, पुढे आणखी महागेल. खरं काय समजायचं?
– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी साहेबांना सांगा, पोरगा फसलेला नाही. महाग घेतलं असेल, पण ज्याची सही त्याच्याच हातून, डोळ्यांदेखत घेतलंय. नव्या पेठेतल्या दुकानात मी एकतीस वर्षं फ्रेमा करतोय. सह्यांचे टी-शर्ट, बॅटी, फोटो लोक जिवापाड जपून आणतात आणि त्यांतल्या कितीतरी सह्या खोट्या निघतात. ते गिऱ्हाइकाला सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून समोर झालेल्या सहीचं मोल मी कमी लेखणार नाही.

आता महागाईचं. तिकडे ही प्रदर्शनं फार वर्षांपासून भरतात. सगळ्यात मोठं ‘नॅशनल’ म्हणतात ते १९८० साली लॉस एंजेलिसला सुरू झालं आणि आता दर उन्हाळ्यात भरतं. सुरुवातीच्या काळात टेबलामागे जे जुने खेळाडू बसायचे, त्यांना या कमाईची गरज होती. मिकी मँटलचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क यांकीजकडून तो १९५१ ते १९६८ खेळला. एवढा मोठा खेळाडू, पण त्याचा वर्षाचा सर्वांत मोठा पगार एक लाख डॉलर. निवृत्तीनंतर सह्यांच्या कार्यक्रमांतून त्याने खेळण्यापेक्षा जास्त कमावलं. तो पैसा बराचसा रोख असायचा. ड्यूक स्नायडर आणि विली मॅकोव्ही हे दोघं केवढे मान्यवर खेळाडू, पण प्रदर्शनातल्या सह्यांचं उत्पन्न करात दाखवलं नाही म्हणून १९९५ मध्ये दोघांनाही कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला.

आज उलटं झालंय. आत्ताच्या खेळाडूला पगारच कोट्यवधी डॉलर मिळतो. शनिवार-रविवार टेबलामागे बसून सह्या करायची त्याला काही गरज नाही. गरज आहे ती आयोजकाला, कारण मोठं नाव नसेल तर हॉलमध्ये माणूस फिरकत नाही. म्हणून आयोजक खेळाडूला ठरलेली रक्कम आधीच कबूल करतो, तिकिटं खपोत न खपोत. समजा पन्नास हजार डॉलर कबूल केले आणि खेळाडू म्हणाला, दोनशेच सह्या करीन. झाले ना एका सहीमागे अडीचशे? त्यावर हॉलचं भाडं, माणसं, सुरक्षा, आयोजकाचा नफा. मग चेंडूला एक दर, जर्सी-बॅटला त्याहून जास्त, वर एखादी ओळ लिहून हवी असेल तर वेगळे, शेजारी उभं राहून फोटो काढायचा तर त्याचं तिकीट निराळं. तुमच्या मुलाने भरलेले तिन्ही आकडे तिथल्या रीतीप्रमाणेच आहेत. त्यात कुणी त्याला कापलेलं नाही.

माझ्या एका गिऱ्हाइकाने अशा रांगेचा व्हिडिओ दाखवला होता. खेळाडूच्या शेजारी बसलेला माणूस चेंडू हातात घेतो, शिवण जिथे सर्वांत जवळ येते ती मोकळी जागा वर करून पुढे सरकवतो. खेळाडू निळ्या बॉलपेनने सही करतो, मान वर करून हसतो, पुढचा चेंडू. सात-आठ सेकंद. बॉलपेन का, तर मार्करची शाई चामड्यावर हळूहळू पसरते आणि काही वर्षांनी अक्षराला मिशा फुटतात.

दुसरं कारण कंपन्यांचे करार. बास्केटबॉलच्या मायकल जॉर्डनने १९९२ पासून अपर डेक या कार्डांच्या एकाच कंपनीशी सह्यांचा करार केलेला आहे, म्हणजे बाजारात येणारी त्याची नवी सही त्याच वाटेने येते. खेळाडूंचे फोटो छापलेली ही कार्डं तिकडे लोक पाकिटांतून विकत घेऊन जमवतात; त्यांवर डकवायला कंपन्या खेळाडूंकडून चिकटपट्ट्यांवर हजारांनी सह्या घेतात. मग प्रदर्शनासाठी खेळाडूच्या मनगटात आणि मनात किती उरणार? त्यात २०२०च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी जुनी कार्डं बाहेर काढली, भाव एकदम चढले आणि विकत घेऊन पुन्हा विकणारे खूप झाले. मैदानाबाहेर लहान पोराला फुकट दिलेली सही दुसऱ्या दिवशी विक्रीला दिसली की खेळाडूचंही मन उडतं. मग तोही दर लावतो.

आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं कारण, खोट्या सह्या. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने मोठी टोळी पकडली. नकली सह्या करून देशभर विकणारी ती माणसं होती. जप्त केलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलचा चेंडू निघाला! हे वाचलं तेव्हा मी दुकानात बसल्या जागी सुन्न झालो. लोकांच्या श्रद्धेशी इतकं खेळावं? त्या प्रकरणानंतर ‘समोर केलेली, साक्षीदारासह’ अशा सहीला मान आला. बेसबॉलच्या मुख्य लीगने तर २००१ पासून साक्षीदार उभा करून वस्तूवर क्रमांकाचं होलोग्राम लावायची पद्धतच आणली. तुमच्या मुलाने दिलेले वीस डॉलर त्या साक्षीचे आहेत. मला विचाराल तर पाचशे वीसमधले तेच सर्वांत योग्य खर्च झाले.

पुढे भाव वाढेल का, यावर मात्र मी तुमच्या मुलाच्या बाजूने नाही. सहीचा भाव माणसाच्या मोठेपणावर ठरत नाही, किती सह्या बाजारात आहेत यावर ठरतो. बेसबॉलचा जुना खेळाडू शूलेस जो जॅक्सन, त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्याच्या नावाने त्याची बायको सह्या करायची. म्हणून त्याच्या स्वतःच्या हातची सही आज अक्षरशः सोन्याच्या मोलाची आहे. उलट डॉन ब्रॅडमन. रोजची पत्रं घेऊन बसायचे आणि वर्षानुवर्षं सह्या करून पाठवायचे. त्यांच्या नावाच्या मानाने त्यांची सही आजही परवडते. जो खेळाडू दर वर्षी चार प्रदर्शनांत बसतो त्याच्या सह्या वाढतच जाणार. तेव्हा गुंतवणूक म्हणून धरू नका.

एक विचारा त्याला : ती जास्तीची ओळ कोणती लिहून घेतली? त्यात कुणाचं नाव असेल तर पुन्हा विकणारा नाक मुरडतो, नावासहित सहीला बाजारात कमी देतात. काही खेळाडू तर सही विकली जाऊ नये म्हणून मुद्दाम नाव घालूनच देतात. आणि ताई, मला का कोण जाणे वाटतंय की त्या ओळीत साहेबांचं नाव असेल. लहानपणी मुलाला मैदानावर कोण घेऊन जायचं? विचारून बघा, अबोला सुटेल.

प्रश्न : भारतीय संघातल्या सगळ्यांच्या सह्या असलेली बॅट फोनवर एक जण अठरा हजारांना देतोय. सोबत सर्टिफिकेट आहे. घ्यावी का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : घेऊ नका. बॅट न बघताच सांगतोय, कारण फोटोवर बघण्यासारखं काही नसतं.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण अशीच बॅट घेऊन आला. वडिलांच्या साठीला द्यायची होती. “अण्णा, काचेच्या पेटीत बसवा, खर्चाचं बघू नका.” आमच्याकडे चादरीचे धागे मोजायचं छोटं घडीचं भिंग असतं, इथल्या कापडवाल्या माणसाच्या खिशात सापडतंच. माझे वडील मागावर होते, त्यांचं भिंग मी अजून वापरतो. ते बॅटवर ठेवलं. पेनची रेघ असती तर शाई सलग दिसली असती, एक रेघ दुसरीवरून गेली तिथे दाट झाली असती. इथे सगळे बारीक ठिपके. म्हणजे छापलेली. त्या मुलाला मी भिंग दिलं आणि म्हटलं, तूच बघ. बराच वेळ तो डोळा लावून बसला. मग बॅट गुंडाळून गेला, एक शब्द बोलला नाही. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद. तो मुलगा वडिलांसाठी आला होता, हे मला अजून टोचतं.

मुलांच्या बॅटीवर खेळाडूची छापील सही असते, ती वेगळी. ती शोभेची आहे आणि कुणी ती खरी म्हणून विकत नाही. पेनाने केलेली खोटी सही ओळखणं त्याहून अवघड. हात थरथरत, सावकाश फिरलेला असतो. खऱ्या सहीला वेग असतो, शेवटचा फटकारा पातळ होत जातो. मशीनने केलेली सही सगळीकडे एकाच दाबाची असते. एकावर एक ठेवल्या आणि दोन सह्या तंतोतंत जुळल्या, तर समजा यंत्र किंवा छपाई. कुठल्याही माणसाला तीच सही दोनदा जमत नाही. पूर्ण संघाच्या सह्यांत आणखी एक गोम असते. बेसबॉलमध्ये तर खेळाडूंच्या वतीने ड्रेसिंग रूममधला पोऱ्याच सह्या ठोकायचा, ही जुनी आणि सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे.

सर्टिफिकेट कुणाचं, ते आधी विचारा. विकणाऱ्यानेच स्वतः छापलेलं असेल तर तो चहाच्या पावतीएवढाही पुरावा नाही. पीएसए, जेएसए, बेकेट असल्या तपासणाऱ्या संस्थांचा क्रमांक असेल तर तो त्यांच्याकडे पडताळता येतो, पण त्या क्रमांकाची वस्तू हीच का, तेही बघा. भारतात खरी, वापरलेली वस्तू कितीला जाते याचा एक अंदाज देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये के. एल. राहुल आणि अथिया शेट्टी यांनी विशेष मुलांसाठी केलेल्या लिलावात विराट कोहलीची जर्सी ४० लाखांना गेली. आता सांगा, सगळा संघ अठरा हजारांत कसा बसेल?

त्यापेक्षा पुण्याला जा. सहकारनगरमध्ये ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय आहे, २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते उघडलं. तिथल्या सह्या केलेल्या बॅटी शांतपणे, एकेक अक्षर बघत फिरा. डोळा तयार होतो. जायच्या-यायच्या तिकिटाला अठरा हजार लागत नाहीत.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला खेळाडूंच्या सह्या गोळा करायच्या आहेत, पण पैसे नाहीत. काय करू?
– एक विद्यार्थी, पंढरपूर

उत्तर : बाळा, तुला पैसे लागणारच नाहीत. फक्त लवकर जा.

लवकर म्हणजे खेळाडू मोठा व्हायच्या आधी. जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या पार्क मैदानावर महाराष्ट्र आणि मणिपूरचा रणजी सामना झाला. दोन्ही संघ हाताच्या अंतरावरून जात होते. आपल्याच जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे २०२२ मध्ये भारताकडून खेळली. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. त्याच्याही आधी, फार आधी, भारताचे एके काळचे कप्तान पॉली उम्रीगर यांचं लहानपण याच शहरात गेलं. जिल्ह्याच्या, विद्यापीठाच्या सामन्यांना जा. तिथे रांग नसते, दोरी नसते, आणि सही मागणारा तू एकटा असलास तर खेळाडू दोन वाक्यं बोलतोसुद्धा.

मी तुझ्याएवढा होतो तेव्हा पार्कवर महाराष्ट्राचा एक फिरकी गोलंदाज कठड्याला टेकून शेंगा खात होता. माझ्याकडे गणिताची वही आणि वडिलांचं शाईपेन. त्याने झाकण उघडलं तर पेन गळत होतं. बोटं निळी झाली. मला वाटलं, आता ओरडणार. त्याने पँटच्या मागच्या बाजूला बोटं पुसली, सही केली, आणि वही परत देताना अंगठ्याचा ठसा पानावर उमटला. तो पुढे भारताकडून कधी खेळला नाही. त्या पानाला कुणी दहा रुपये देणार नाही. ते पान गल्ल्यामागच्या भिंतीवर आहे, ऊन येत नाही अशा जागी, कारण सोलापूरचं ऊन दोन उन्हाळ्यांत शाई खाऊन टाकतं.

मागायला लाजू नकोस. १४ मे २०२३ ला चेन्नईच्या चेपॉक मैदानावर सामना संपल्यावर सुनील गावस्कर, वय त्र्याहत्तर, धोनीकडे धावत गेले आणि अंगातल्या शर्टावर त्याची सही घेतली. गावस्करांना लाज वाटली नाही, तर तुला कशाला?

लांबच्या खेळाडूला पत्र लिही. पत्रात त्याच्या एखाद्या खेळीबद्दल तुला खरंच काय आवडलं ते चार ओळींत लिही, सोबत कोरं कार्ड आणि तुझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट घाल. सगळे उत्तर देत नाहीत. दहांतल्या एकाचं आलं तरी पोस्टमनची वाट बघण्यात मजा आहे. आणि वही रेघांची नको, कोरी घे, एका पानावर एकच सही. बॉलपेन निळं. सही झाल्यावर खाली तारीख आणि मैदानाचं नाव तू स्वतः लिही, पेन्सिलीने, कोपऱ्यात, आणि वही लगेच मिटू नकोस, थोडा वेळ उघडीच धर.