हुकूमशाही की एकाधिकारशाही?

प्रश्न असा : चिलीच्या पिनोशेला सगळे सरळ हुकूमशहा म्हणतात, पण हंगेरीच्या ओर्बानबद्दल लिहिताना 'एकाधिकारशाही' हा शब्द येतो. दोन्ही एकच का?

नाही, आणि फरक पाळावा. चिलीत ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करप्रमुख पिनोशेच्या बंडात हवाई दलाने राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले, संसद बरखास्त झाली आणि लष्कराचे 'बांदो' क्रमांक घालून रेडिओवरून वाचले जाऊ लागले. बांदो म्हणजे आपला हुकूमच. याला हुकूमशाही नाही म्हणायचं तर कशाला?

'एकाधिकार' हा शब्द मात्र विदर्भातल्या शेतकऱ्याला कापसाने शिकवला. १९७२ च्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत राज्यात कापूस घालायचा तर सरकारलाच; खासगी व्यापाऱ्याला मज्जाव. म्हणजे बाजार चालू, पण गिऱ्हाईक एकच. हंगेरीत हेच राजकारणात झालं. २०१० मध्ये ओर्बानच्या आघाडीला मतं मिळाली ५३ टक्क्यांच्या आसपास, जागा दोन तृतीयांश, आणि तो पंतप्रधान झाला. त्या बळावर नवी राज्यघटना आली. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून एकदम ६२ वर आणलं, की ज्येष्ठ मंडळी घरी! (२०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं, पण तोवर बऱ्याच खुर्च्या भरून झाल्या होत्या.) मतदारसंघ नव्याने आखले. २०१४ मध्ये मतं ४५ टक्क्यांवर आली, जागा पुन्हा दोन तृतीयांश. रस्त्यावर एक रणगाडा नाही, निवडणुका वेळच्या वेळी.

म्हणून क्रियापदंही वेगळी हवीत. चिलीतली लोकशाही उलथवली, हंगेरीतली पोखरली. वर्तमानपत्रं सरसकट 'कोसळली' लिहितात ते मला खटकतं. भिंत आपोआपही कोसळते. इथे करणारे हात होते.

हुकूमशाहीला कायद्याचं वावडं असतं, असं मात्र नाही. सार्वमताचं कलम पिनोशेच्याच १९८० च्या घटनेत होतं. पिनोशेची सत्ता पुढे चालू ठेवायची का, या सवालाला ५ ऑक्टोबर १९८८ ला सुमारे ५६ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं. सरकार निकाल लांबवत होतं, तेव्हा हवाई दलप्रमुख मातेई यांनीच पत्रकारांपाशी 'नाही'चा विजय कबूल केला. सेनाधिकाऱ्यांतच फूट पडल्यावर हुकूम कोण मानणार? मार्च १९९० मध्ये पिनोशे पायउतार झाला. लष्करप्रमुखपद मात्र १९९८ पर्यंत सोडलं नाही.

एक अडचण उरते. हुकूमशाहीचा हुकूमशहा होतो, पण 'एकाधिकारशहा' काही कानाला रुचत नाही. मी तिथे 'एकतंत्री सत्ताधीश' लिहितो.