आधी छर्रा, मग रायफल

जड, संथ गोळीसाठी रायफल घरीच घडवू का, असं निपाणीहून विचारतोयस म्हणून सांगतो. ती ओढ मला कळते. पण 1959 च्या शस्त्र कायद्यानं विनापरवाना बंदूक बनवणं गुन्हा आहे, तिथं हात घालू नकोस. दहा मीटरवरच्या नेमबाजीची एअर रायफल घे, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा, शिशाची छोटी गोळी, सोडणारी. नळीचं भोक 4.5 मिमी आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असली की परवाना लागत नाही. छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर जातो, आवाजाच्या निम्म्या वेगानं. वेग कमी म्हणून तो नळीतही जास्त वेळ असतो, खांदा जरा हलला की नेम गेलाच! म्हणून बार झाल्यावरही क्षणभर तसाच थांब. सपाट तोंडाचे दोन-तीन जातींचे छर्रे आण, रायफल टेकवून प्रत्येकी पाच मार, भोकं एकात एक पडतात का बघ. ते जमेपर्यंत ट्रिगरचे स्क्रू फिरवू नकोस. आपल्याकडं पावसाळ्यात लोखंड लगेच गंजतं, बाहेरून तेलाचा फडका फिरवत जा.